ओवरी: कोठडीपासून खांबांच्या दालनापर्यंत

मोठ्या देवस्थानाच्या आवारात तटाला लागून खांबांवर उभारलेल्या ज्या दालनांत यात्रेकरू पथारी टाकतात, त्यांना आपण ओवऱ्या म्हणतो. परंतु या शब्दाच्या मुळाशी जाऊ गेल्यास आपण खुल्या दालनात नव्हे, तर बंद कोठडीत जाऊन पोहोचतो. संस्कृतातील ‘अपवरक’ म्हणजे आतली खोली; प्राकृतात तिचा ‘ओवरक’ झाला, आणि क्षत्रप नहपानाची कन्या व उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने नाशिकच्या लेण्यात जी कोठडी दान केली, तिच्या शिलालेखात हाच शब्द कोरलेला आहे. कोठडीपुढील खांबांच्या दालनास शास्त्रकारांचा शब्द निराळाच होता: वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त त्यास ‘अलिंद’ म्हटले आहे.

कोठडी आणि अलिंद यांचा सहवास पाहावयाचा असेल, तर कर्जत तालुक्यातील आंबिवलीचे लेणे पाहावे. तेथे सुमारे बेचाळीस फूट लांबीच्या दालनाच्या तीन बाजूंस मिळून बारा कोठड्या असून, पुढे एकतीस फूट लांबीचा, जेमतेम सहा फूट रुंदीचा सोपा, म्हणजेच अलिंद, आहे. त्याचे खांब नाशिकच्या घटशीर्ष स्तंभांच्या वळणाचे. माझ्या मते, कोठडी व तिच्यापुढील सोपा हे असे अविभाज्य असल्यामुळेच आतल्या खोलीचे नाव हळूहळू बाहेरच्या दालनास चिकटले असावे.

बोरघाटाच्या पायथ्याच्या या कर्जत-खालापूरच्या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेव्हा झड अंगावर घेणारा, परंतु आत उजेड व वारा येऊ देणारा सोपा ही येथे जीवनावश्यक बाब होय. याच मुलखातील, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचे कोंडाण्याचे लेणे इसवी सनापूर्वीचे. कण्हाचा शिष्य बलक याचे नाव तेथे कोरलेले आहे. तेथील विहाराच्या पुढे पाच अष्टकोनी खांबांचा सोपा होता. खडक स्वतःच छत तोलत असताना खांबांची तितकी गरज नव्हती. तरीही कारागिरांनी ते कोरले, कारण चौकोनी लाकडाच्या कडा तासून अष्टकोन करण्याची सुतारी सवय त्यांच्या हातात मुरलेली होती. आज त्यांतील बहुतेक खांब ढासळले आहेत. बेसाल्टच्या भेगांत मुरणारे पाणी आणि वरून पावसाळाभर कोसळणारा धबधबा यांचा पहिला मारा याच दर्शनी भागावर होतो, आणि आतील कोठड्या मात्र त्याच्या आडोशाने टिकून राहतात.