औपचारिक भोजनाला कोट हवाच का? जहाजावरील रात्र, बंगळुरूचे क्लब आणि धोतराचा मान

बंगळुरूला समुद्र नाही. सर्वांत जवळचे मोठे बंदर म्हटले तरी चेन्नई किंवा मंगळूर, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता. तरीही समुद्रसफरीचे आकर्षण या शहराला अपरिचित राहिलेले नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून आणि जून २०२३ मध्ये चेन्नईहून श्रीलंकेकडे कॉर्डेलिया कंपनीच्या पर्यटक जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. सिंगापूर, भूमध्य समुद्र किंवा अलास्का येथील सफरी तर त्याआधीपासूनच सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आहेत. नोकरी करणारी मुले आई-वडिलांना अशा सफरीला नेतात, तेव्हा सामान भरताना एक प्रश्न हमखास उभा राहतो. कार्यक्रमपत्रिकेत एखाद्या रात्रीपुढे ‘फॉर्मल नाइट’ असे छापलेले असते. त्या रात्री कोट-टाय घालावाच लागतो काय? आयुष्यभर धोतर किंवा पंचा नेसलेल्या वडिलांनी काय करावे? नऊवारी नेसून भोजनकक्षात गेले तर चालेल काय?

प्रश्न वरकरणी कपड्यांचा आहे. त्यामागे मात्र पंगतीला बसण्याचा मान कोणाला आणि कोणत्या अटीवर, हा जुना वाद आहे. बंगळुरू शहराने तो वाद एकाहून अधिक वेळा जवळून पाहिला आहे.

नियम नेमका काय असतो?

मोठ्या जहाजांवर एकाहून अधिक भोजनगृहे असतात. औपचारिक रात्रीचा नियम प्रामुख्याने मुख्य भोजनकक्षाला लागू असतो. सात रात्रींच्या सफरीत अशा रात्री साधारणतः एक किंवा दोन येतात. त्या रात्री ज्याला सजण्याची इच्छा नसेल त्याला बुफे खुला असतो आणि बहुतेक जहाजांवर केबिनमध्येही जेवण मागविता येते. कोणीही उपाशी राहत नाही.

कंपन्यांच्या धोरणांत मोठा फरक आढळतो. ‘क्यूनार्ड’ ही ब्रिटिश कंपनी या बाबतीत सर्वांत परंपरानिष्ठ मानली जाते. तिच्या ‘गाला’ रात्रींना पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि स्त्रियांनी सायंकालीन पोशाख करावा, अशी अपेक्षा असते. मात्र औपचारिक राष्ट्रीय पोशाख आणि लष्करी गणवेश यांचेही ती स्वागत करते. याच्या दुसऱ्या टोकाला ‘नॉर्वेजियन’ ही कंपनी आहे. तिने २००० साली ठरावीक वेळ, ठरावीक मेज आणि सक्तीचा पोशाख या तिन्हींना फाटा देणारी पद्धत आणली. ‘सेलिब्रिटी’ कंपनीनेही २०१५ च्या अखेरीस ‘फॉर्मल नाइट’ हे नाव काढून टाकले आणि तुलनेने सैल असा संकेत स्वीकारला. एकूण कल सैलपणाकडेच आहे.

म्हणजेच ‘कोट हवाच का’ या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. जहाज कोणते, रात्र कोणती आणि भोजनकक्ष कोणता, यांवर ते अवलंबून राहते.

कोटाची आणि कमरबंदाची कुळकथा

आज जो पोशाख कडक शिष्टाचाराचे प्रतीक समजला जातो, तो जन्माला आला त्या वेळी सैलपणाचाच प्रकार होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील खानदानी भोजनाला मागे शेपटीसारखे लांब टोक असलेला कोट घालण्याची रीत होती. १८६५ च्या सुमारास लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याने तत्कालीन युवराजासाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्रासाठी, घरगुती भोजनापुरता आखूड कोट शिवला, असे मानले जाते. हाच डिनर जॅकेट. १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळील टक्सिडो पार्क येथील धनिकांच्या वसाहतीत तो रुजला आणि अमेरिकेत त्याला टक्सिडो हे नाव पडले.

या पोशाखाचा एक भाग तर भारतातून गेलेला आहे. डिनर जॅकेटखाली कमरेला जो रुंद रेशमी पट्टा बांधतात, त्याला इंग्रजीत ‘कमरबंड’ म्हणतात. हा शब्द फारसी-हिंदुस्थानी ‘कमरबंद’ या शब्दाचाच अपभ्रंश. उन्हाने हैराण झालेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात जाकिटाऐवजी हा पट्टा उचलला. पुढे तांबड्या समुद्रातील उकाड्यात जहाजांवर कोटच उतरवून केवळ सदरा आणि कमरबंद यांवर भोजनास बसण्याची मुभा मिळाली. तिला ‘रेड सी रिग’ असे नाव पडले. ज्या पोशाखाच्या नावाने भारतीय वस्त्रांना दारात अडविले गेले, त्याच पोशाखाच्या कमरेला भारतीय कमरबंद होता, हा इतिहासातील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे.

मुंबईहून निघालेले दोन प्रवास

जहाजावरील पोशाखाची चिंता भारतीय प्रवाशाला नवी नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी हा अठरा वर्षांचा तरुण मुंबईहून विलायतेस निघाला. आपल्या आत्मकथेत त्यांनी या प्रवासाचे वर्णन केले आहे. काट्या-चमच्याने जेवण्याची सवय नव्हती. कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नव्हते. म्हणून ते भोजनकक्षात न जाता केबिनमध्येच बरोबर नेलेली मिठाई आणि फळे खात असत. जहाजावर काळा सूट वापरला आणि किनाऱ्यावर उतरताना शोभून दिसेल म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे राखून ठेवले. सप्टेंबरच्या अखेरीस उतरून पाहतात तो तसे कपडे घातलेले ते एकटेच! बदलावे म्हटले तर सामान आणि किल्ल्या दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या.

त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३१ रोजी, तेच गांधी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ जहाजाने मुंबईहूनच निघाले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम राजवाड्यातील समारंभाला ते आखूड धोतर, शाल आणि चपला अशा वेशात गेले आणि राजा पंचम जॉर्ज यांना भेटले. दोन्ही प्रवासांत नियम इंग्रजांचेच होते. पहिल्या वेळी ते ठाऊक नसल्याने तरुण संकोचला. दुसऱ्या वेळी ते पूर्णपणे जाणून त्याने आपला वेश निवडला. अज्ञानातून आलेला संकोच आणि जाणतेपणाने केलेली निवड यांतील हे अंतर आजच्या प्रवाशालाही उपयोगी पडणारे आहे.

बंगळुरूचे दोन क्लब

पोशाखाचे नियम जहाजांनी एकट्याने निर्माण केले नाहीत. लष्करी भोजनगृहे, क्लब आणि जहाजे ही ब्रिटिश अमदानीतील एकाच संस्कृतीची तीन रूपे होती. बंगळुरूतील छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८६८ साली क्लब स्थापन केला. प्रारंभी युनायटेड सर्व्हिस क्लब म्हणून ओळखली जाणारी ही संस्था आज बँगलोर क्लब या नावाने प्रसिद्ध आहे. १८९६ मध्ये घोडदळातील तरुण अधिकारी म्हणून विन्स्टन चर्चिल बंगळुरूत आले. त्यांच्या नावावर १३ रुपयांची थकबाकी राहिली आणि १८९९ च्या यादीत तिची नोंद झाली. संपत्तिकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २०२० रोजी याच क्लबच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा निकालपत्राच्या आरंभी या न फेडलेल्या १३ रुपयांचा मिस्कील उल्लेख केला होता.

दुसरा क्लब आहे सेंच्युरी क्लब. मैसूरचे दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९१७ साली त्याची स्थापना केली. मराठी वाचकांना विश्वेश्वरय्या परके नाहीत. त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली आणि खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविले. मैसुरी पेटा बांधलेल्या दिवाणांना इंग्रजांच्या क्लबात अडविण्यात आले, म्हणून त्यांनी भारतीयांचा स्वतंत्र क्लब काढला, असे बंगळुरूत सांगितले जाते. ही आख्यायिका असली तरी त्या काळातील सल तिच्यातून स्पष्ट होते. आपले वस्त्र कनिष्ठ ठरविणाऱ्या दारासमोर काय करावे, यावर एक उत्तर होते: आपले दार आपण बांधावे.

पंचा आणि पोलाद-काचेचे दार

इंग्रज गेले, पण पोशाखाचा प्रश्न गेला नाही. जुलै २०१४ मध्ये चेन्नई येथे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना वेष्टी नेसल्यामुळे क्रिकेट संघटनेच्या क्लबातील पुस्तक प्रकाशनास प्रवेश मिळाला नाही. त्यावर तामिळनाडू विधानसभेने ऑगस्ट २०१४ मध्ये कायदाच संमत केला. वेष्टी किंवा अन्य पारंपरिक भारतीय वस्त्र नेसलेल्यास क्लबांसह सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारल्यास परवाना रद्द होणे, एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, अशी तरतूद त्यात आहे.

जून २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबच्या भोजनकक्षातून खासी समाजाचा पारंपरिक ‘जैनसेम’ परिधान केलेल्या एका महिलेला उठविण्यात आले. ‘राष्ट्रीय पोशाख चालेल’ असे म्हटले तरी राष्ट्राच्या कोणत्या भागाचा पोशाख ओळखीचा आहे, हा उपप्रश्न या घटनेने पुढे आणला.

बंगळुरूत १६ जुलै २०२४ रोजी मागडी रस्त्यावरील एका मॉलमध्ये हावेरी जिल्ह्यातील वृद्ध शेतकऱ्याला सुरक्षारक्षकाने पंचा नेसल्याच्या कारणावरून रोखले. मुलगा वडिलांना चित्रपट दाखविण्यासाठी घेऊन आला होता. घटनेची ध्वनिचित्रफीत पसरताच संताप व्यक्त झाला आणि राज्य सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवण्याची घोषणा विधानसभेत केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजाजीनगर मेट्रो स्थानकावर कपडे मळके असल्याच्या कारणाने एका शेतकऱ्याला अडविले गेले होते. तेव्हा सहप्रवाशांनी हस्तक्षेप केला आणि मेट्रो महामंडळाने संबंधित सुरक्षा पर्यवेक्षकाला कामावरून काढले.

राज्यघटनेचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशाबाबत धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभावाला मनाई करते. पोशाखाचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे खासगी क्लब आपले नियम करू शकतात आणि परदेशी ध्वजाच्या जहाजावर मुख्यतः तिकिटाचा करार आणि त्या ध्वजाच्या देशाचा कायदा लागू होतो. भर समुद्रात तामिळनाडूचा कायदा दाखवून उपयोग नाही. प्रवाशाने नियम आधी वाचणे, हेच तेथे संरक्षण ठरते.

नौदलाने टाकलेले पाऊल

जहाज आणि शिष्टाचार यांचे नाते नौदलाइतके कोणाचे जुने नसेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय नौदलाने आपल्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत आणि नौसैनिकांच्या संस्थांत कुडता-पायजम्यास परवानगी दिली. कुडता एकरंगी असावा, वर बिनबाह्यांचे जाकीट असावे, पायात औपचारिक बूट किंवा सँडल असावेत, अशा अटी घालण्यात आल्या. या निर्णयाचे स्वरूप लक्षणीय आहे. औपचारिकता रद्द झाली नाही. तिची व्याख्या रुंदावली. नीटनेटकेपणाची अपेक्षा कायम राहिली, केवळ तो एकाच देशाच्या कपड्यांतून सिद्ध करण्याची अट गेली.

मग प्रवाशाने काय करावे?

पहिली गोष्ट, तिकीट घेतानाच कंपनीचा पोशाखविषयक नियम वाचावा. ‘राष्ट्रीय पोशाख’ असा उल्लेख असल्यास प्रश्न मिटतो. नसल्यास लेखी विचारणा करून उत्तर जवळ ठेवावे. दारावर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपे जाते.

स्त्रियांसाठी अडचण क्वचितच येते. मैसूर रेशमाची किंवा पैठणी साडी कोणत्याही औपचारिक भोजनात उठून दिसते. पुरुषांना बंदगळा हा सोयीचा मार्ग आहे. तो टायविना पूर्ण असतो आणि नंतर घरच्या लग्नकार्यांत वापरता येतो. एका रात्रीसाठी टक्सिडो शिवून घेण्याची गरज नाही. धोतर किंवा जरीकाठी पंचा नेसावयाचा असल्यास तो समारंभाला शोभेल असा, कोट किंवा उपरण्यासह असावा. सणासुदीला गावात जो वेश मानाचा, तोच येथेही मानाचा.

ज्यांना हे सारे ओझे वाटते त्यांनी बुफेचा रस्ता निःसंकोच धरावा. मात्र हा निर्णय कुटुंबातील ज्येष्ठांवर लादू नये. ‘बाबांना तिथे अवघडल्यासारखे होईल’ असे मुलांनी परस्पर ठरविणे आणि रक्षकाने दार अडविणे, यांत परिणामाच्या दृष्टीने फारसे अंतर राहत नाही. आधी त्यांनाच विचारावे.

यजमानाने जेवणाला बोलाविल्यावर पाहुण्याने बरे कपडे घालून जाणे हा आपल्याकडेही जुना शिष्टाचार आहे. लग्नाच्या पंगतीला कोणी मळक्या सदऱ्याने बसत नाही. त्यामुळे औपचारिक रात्रीसाठी सजण्यात कमीपणा नाही. नियम आधी सांगितलेला असेल, तो सर्वांना सारखा लागू असेल, ज्याला तो पाळता येत नाही त्याला जेवणाची दुसरी सोय असेल आणि प्रत्येकाच्या घरचा उत्तम पोशाख त्यात मान्य असेल, तर तो शिष्टाचार ठरतो. यांपैकी काहीच नसेल तर तो माणसाची किंमत ठरविणारा तराजू बनतो, मग तो जहाजाच्या भोजनकक्षात असो वा मागडी रस्त्यावरील मॉलच्या दारात.