जुना ट्रॅक्टर अडला, तर आधी टाकी पाहा, मग पंप

आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे नोकरीधंद्यासाठी सिकंदराबादेत राहत असली, तरी त्यांची शेती उदगीर, देगलूर, बिदर या भागांत आहे. मृगाचा पाऊस पडून जमिनीला वापसा आला, की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. नेमके त्याच वेळी महिनोन् महिने गोठ्याशेजारी उभा असलेला जुना ट्रॅक्टर धापा टाकू लागतो. कोणीतरी 'पंप गेला' म्हणतो. पंप उतरवून शहरात दुरुस्तीला जातो. त्यात पैसाही जातो आणि वापसाही. पुष्कळदा दोष पंपात नसतोच. टाकीत साचलेले पाणी, तुंबलेला फिल्टर किंवा पाईपात शिरलेली हवा एवढेच कारण असते. म्हणून आज आम्ही डिझेलच्या मार्गाची ओळख करून देत आहोत, आणि हे काम करताना शरीराला होणाऱ्या दोन मोठ्या धोक्यांची सूचनाही देत आहोत.

डिझेलचा मार्ग

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबून इतकी तापवली जाते, की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरले, पण ते ट्रॅक्टरवर बसण्याजोगे होण्यास लहान, नेमका पंप हवा होता. जर्मनीतील बॉश कंपनीने असे पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी निघाली. जुन्या ट्रॅक्टरच्या पंपावर तिचेच नाव पुष्कळदा दिसते.

टाकीतून डिझेल कॉकमधून खाली येते आणि फीड पंपात जाते. काही ट्रॅक्टरना वाटेत गाळ साचण्यासाठी काचेची वाटी असते. फीड पंप ते फिल्टरमधून मुख्य पंपाकडे ढकलतो. मुख्य पंप ते जाड पोलादी नळ्यांतून नोझलकडे पाठवतो. मुख्य पंपातील दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातील फट केसाच्या जाडीहून कितीतरी पट बारीक असते. त्यामुळे तेथे धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंबही खपत नाही. म्हणून पंप कधीही शेतात उघडू नये. टाकीपासून पंपापर्यंतची वाट मात्र कोणताही जाणता शेतकरी स्वतः तपासू शकतो.

लक्षणावरून दोष ओळखा

१. ट्रॅक्टर सुरू होतो, थोडा वेळ चालून बंद पडतो, विश्रांतीनंतर पुन्हा चालतो. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असावे, किंवा टाकीच्या तोंडाशी कचरा अडकत असावा. झाकण सैल करून चालवून पाहा. मग बंद पडला नाही, तर छिद्र साफ करणे एवढेच काम आहे.

२. रिकामा नीट चालतो, पण नांगर लावला की दम सोडतो. फिल्टर तुंबला आहे किंवा फीड पंप कमजोर झाला आहे.

३. रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी सुरू होत नाही, किंवा रेस आपोआप कमीजास्त होते. कोठून तरी हवा आत शिरते आहे. सांधे, तांब्याचे वॉशर आणि जुने रबरी पाईप तपासा. जेथून हवा शिरते तेथून डिझेल गळेलच असे नाही. फीड पंप ओढत असतो तेव्हा सैल सांधा बाहेरून कोरडा दिसूनही हवा घेतो.

४. पांढरा धूर आणि मिस. डिझेलमध्ये पाणी असेल, नोझल बिघडले असेल किंवा इंजिन झिजले असेल. आधी पाणी तपासा, कारण त्याला खर्च नाही.

५. काळा धूर. येथे डिझेल कमी पडत नसून हवा कमी पडत असते, किंवा नोझल नीट फवारत नसते. एअर क्लीनरमधील तेल व चिखल पाहा.

६. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढते आणि ऑइलला डिझेलचा वास येतो. फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता आहे. असा ट्रॅक्टर चालवू नका. ऑइल पातळ झाले की बेअरिंगे जातात.

तपासणी टाकीपासून

कॉक बंद करून फीड पंपाकडे येणारा पाईप सोडा. खाली स्वच्छ काचेची बाटली धरून कॉक उघडा. टाकी उंचावर असेल, तर धार सलग आणि भरून आली पाहिजे. धार तुटक आली, तर अडथळा टाकीत, कॉकमध्ये किंवा पाईपातच आहे. बाटली अर्धा तास स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसेल. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात व काळपट बुळबुळीत गाळ तयार होतो. तसा गाळ दिसला, तर टाकी उतरवून धुवावी. नुसता फिल्टर बदलल्यास तो आठवड्यात पुन्हा तुंबेल.

फिल्टरचा कागदी भाग धुऊन पुन्हा वापरू नये. एच.एम.टी.ने १९७१ पासून पिंजोरला झेटर बनावटीचे ट्रॅक्टर काढले, पण हा विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. अशा ट्रॅक्टरच्या भागांसाठी बाजारातच शोध घ्यावा लागतो. राणीगंजच्या दुकानांत जाताना जुना फिल्टर आणि जुने वॉशर नमुन्यासाठी बरोबर न्या, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.

हवा काढण्याची रीत

टाकी भरा. फीड पंपाची हाताची दांडी चालवा. दांडी हलकी लागत असेल, तर इंजिन किंचित फिरवून पुन्हा पाहा. पहिल्या फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत दांडी मारा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, त्यानंतर मुख्य पंपावरचा स्क्रू. हा क्रम मोडू नका. एवढ्यानेही सुरू न झाल्यास नोझलकडील नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आले की आवळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये. ही रीत जुन्या यांत्रिक पंपांची आहे. नव्या कॉमन रेल इंजिनाच्या नळ्यांना घरी हात लावू नये.

एवढे करूनही दोष राहिला, तर खुशाल पंप आणि नोझल तपासणीच्या मशीनवर पाठवा. तेव्हा तो खर्च वाया जाणार नाही.

तोंडाने डिझेल ओढू नका

पिंपातून डिझेल काढण्यासाठी नळी तोंडात धरून ओढण्याची सवय गावोगावी आहे, आणि पुष्कळदा हे काम घरातल्या पोराला सांगितले जाते. ठसका लागून थोडे डिझेल फुफ्फुसात गेले, तरी तेथे तीव्र दाह होतो. असे झाल्यास उलटी करवू नका. मीठपाणी पाजू नका. उलटीबरोबर डिझेल पुन्हा श्वासनलिकेत जाते. खोकला, धाप, ताप ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून 'आता बरे वाटते' यावर विसंबून न राहता दवाखान्यात न्यावे. हातपंपाची नळी थोड्या पैशांत मिळते. ती विकत घ्या आणि पोराच्या तोंडातली नळी काढा.

दुसरा धोका नोझलचा. जुन्या इंजिनांतही फवाऱ्याचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे दोनशे किलोच्या घरात असतो. चालू इंजिनाच्या नळीवर गळती शोधण्यासाठी बोट फिरवले, तर डिझेल कातडीतून आत घुसते. वर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. पण आत मांस नासू लागते आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. गळती पुठ्ठा धरून शोधावी. अपघात झालाच, तर बोटातील अंगठी लगेच काढा, हळद-चुना न लावता त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि 'दाबाखालचे डिझेल आत गेले आहे' हे स्पष्ट सांगा. १०८ ची सेवा २००५ साली आपल्याच शहरातून सुरू झाली. तेलंगण, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांत हा क्रमांक चालतो.

डिझेलने हात धुण्याची सवयही सोडावी. त्याने कातडी फाटते व खरूज उठल्यासारखी खाज येते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे.

पेरणीपूर्वीची तयारी

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इझिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. स्वतः शेतमजूर असलेल्या या माणसाला ख्रिस्तसभेने १६२२ साली संत म्हणून घोषित केले. त्यानंतर मृगाला तीन आठवडे उरतात. त्या आठवड्यात ट्रॅक्टरची टाकी तळातून रिकामी करून पाहावी, फिल्टर बदलावा, रबरी पाईप तपासावेत आणि एक दिवस ट्रॅक्टर ओझ्याखाली चालवून बघावा. पुढे हंगामभर संध्याकाळी काम संपताच टाकी भरावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्पाचे पाणी होते. डिझेलचे पिंप सावलीत, किंचित तिरपे ठेवावे आणि ओतताना बारीक जाळीचे नरसाळे वापरावे. जस्ताच्या डब्यात डिझेल साठवू नये.

दहा कुमारींच्या दाखल्यात पाचजणींच्या दिव्यांत ऐन वेळी तेल नव्हते. आपल्या ट्रॅक्टरमध्ये तेल असते, पण ते वाटेत अडते. ती वाट मे महिन्यात मोकळी केली, तर वापसा आला त्या सकाळी आपण शेतात असू, मिस्त्रीच्या दारात नव्हे.