‘इंटरनॅशनल ॲवॉर्ड’ म्हणजे काय रे भाऊ?

शॉर्टफिल्म केली, पोस्टरवर पानांच्या कमानी छापल्या, स्टेटसला टाकलं. पण त्या कमानीत नाव नेमकं कुणाचं आहे, हे कधी नीट वाचलंत?

सध्या नेवाशापासून शेवगावपर्यंत कुठल्याही कॉलेजात जा, शॉर्टफिल्म करणारा एक तरी ग्रुप भेटतोच. मोबाईलवर शूटिंग, मोबाईलवरच एडिटिंग. एक सीन प्रवरेच्या घाटावर, एक उसाच्या फडात. आठ-दहा मिनिटांची फिल्म तयार. इथवर सगळं भारीच आहे.

मग पोस्टर येतं. त्यावर दोन बाजूंनी वळलेल्या पानांची कमान असते. तिला ‘लॉरेल’ म्हणतात. कमानीत लिहिलेलं असतं ‘ऑफिशियल सिलेक्शन’ किंवा थेट ‘बेस्ट फिल्म’. खाली कुठल्या तरी परदेशी शहराचं नाव. एक नाही, अशा दहा-बारा कमानी. स्टेटसवर अभिनंदनाचा पाऊस पडतो, चौकात फ्लेक्स लागतो, घरच्यांना वाटतं पोरानं नाव काढलं.

आता एकच प्रश्न विचारा. त्या शहरात ती फिल्म कुठल्या थिएटरात लागली होती? किती वाजता? पाहिली कुणी?

बऱ्याचदा उत्तर येतं : कुठंच नाही. कारण तिथं पडदाच नसतो.

पडदा नाही, तर महोत्सव कसला?

इंटरनेटवर एक मोठा धंदा चालतो. वेबसाईट काढायची, नावात एखादं देखणं परदेशी शहर टाकायचं आणि दर महिन्याला ‘फेस्टिव्हल’ भरवायचा. पुरस्कारांचे विभाग इतके, की प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी येतंच. बेस्ट मोबाईल फिल्म, बेस्ट फर्स्ट टाइम डायरेक्टर, बेस्ट पोस्टर. तुम्ही डॉलरमध्ये फी भरता. काही दिवसांनी ‘काँग्रॅच्युलेशन्स’ म्हणून मेल येतो, सोबत पीडीएफ सर्टिफिकेट. ट्रॉफी पाहिजे? तिचे पैसे वेगळे. कुरिअरचे आणखी वेगळे. अशा चार-पाच ठिकाणी पैसे भरले, की मेसच्या महिन्याभराच्या पैशांची वाट लागली म्हणून समजा.

फी घेणारे सगळेच लबाड, असं मात्र नाही. अमेरिकेतला सनडान्ससारखा नावाजलेला महोत्सवही प्रवेशिकेसाठी फी घेतो. आलेल्या फिल्म बघायला माणसं लागतात, त्याचा खर्च असतो. फरक एवढाच, की खरा महोत्सव फी घेऊन तुमची फिल्म पाहतो आणि बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणतो. खोटा महोत्सव फी घेऊन न पाहताच ‘हो’ म्हणतो!

खऱ्या महोत्सवात काय होतं?

खऱ्या महोत्सवात फिल्मला दोन चाळण्यांतून जावं लागतं. पहिली चाळणी निवड समितीची. आलेल्या ढिगातून मोजक्या फिल्म निवडायच्या आणि त्या कुठल्या विभागात दाखवायच्या, हे ती ठरवते. काही फिल्म स्पर्धेत असतात, काही नुसत्या दाखवण्यासाठी. दुसरी चाळणी ज्युरीची. ज्युरीत साधारण पाच ते नऊ जण असतात. दिग्दर्शक, नट, लेखक, संकलक. त्यांची नावं आधीच जाहीर होतात. स्पर्धेतल्या फिल्म बघायच्या, आपसात वाद घालायचे आणि शेवटी निकाल द्यायचा, हे त्यांचं काम. जत्रेतल्या हगाम्यात पंच असतात ना, तसंच. पंचांची नावं माहीत नसलेली कुस्ती आपण मानतो का?

व्हेनिसचा महोत्सव १९३२ साली सुरू झाला. जगातला हा सगळ्यात जुना चित्रपट महोत्सव. १९३७ साली तिथं पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ गौरवला गेला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी केलेला, आपल्या मराठीतला सिनेमा. त्याच व्हेनिसमध्ये २०१४ साली चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ गेला. तो मुख्य स्पर्धेत नव्हता, ‘ओरिझोंती’ नावाच्या विभागात होता. त्या विभागात तो सर्वोत्कृष्ट ठरला, शिवाय पहिल्याच सिनेमासाठी दिला जाणारा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ही त्यानं मिळवला. ताम्हाणेचा पुढचा सिनेमा ‘द डिसायपल’ २०२० साली थेट मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’नं सनडान्समध्ये जागतिक सिनेमाच्या कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार जिंकला.

या चारही सिनेमांत एक गोष्ट सारखी आहे. सगळे मराठी बोलतात. परदेशात जायचं म्हणून कुणी भाषा बदलली नाही. ज्या नेवाशात गीतेचा अर्थ संस्कृतातून मराठीत आला, तिथल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या बोलीत फिल्म करा, फक्त इंग्रजी सबटायटल नीट करा. सबटायटल गचाळ असतील तर चांगला सीनही वाया जातो.

बाजार वेगळा, आखाडा वेगळा

‘आमची फिल्म कानला गेली’ अशा बातम्या तुम्ही दर मे महिन्यात वाचता. त्यातल्या कितीतरी फिल्म स्पर्धेत नसतात, तर महोत्सवाशेजारी भरणाऱ्या फिल्म मार्केटमध्ये असतात. तिथं पैसे भरून पडदा भाड्यानं घेता येतो आणि वितरकांना बोलावून फिल्म दाखवता येते. आपलं राज्य सरकारही निवडक मराठी सिनेमे या मार्केटमध्ये पाठवत आलंय. त्यात चुकीचं काहीच नाही. सिनेमा विकायचा तर बाजारात जावंच लागतं. पण घोडेगावच्या बाजारात म्हैस उभी केली, म्हणजे प्रदर्शनात तिचा पहिला नंबर आला असं आपण म्हणतो का? तसंच हे.

उलट २०२४ साली पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ कानच्या मुख्य स्पर्धेत होता. भारतीय सिनेमा त्या स्पर्धेत दिसला तो तब्बल ३० वर्षांनी. त्याला ‘ग्राँ प्री’ मिळाला. हा कानमधला दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान, पहिला ‘पाम दोर’. छाया कदम त्या सिनेमात होत्या, हे तुम्हाला आठवत असेलच.

तेव्हा पुढच्या वेळी बातमी वाचताना तीन गोष्टी बघा. महोत्सव कोणता, विभाग कोणता, पुरस्कार कुणी दिला.

ज्युरी म्हणजे देव नव्हे

ज्युरीचा निकाल म्हणजे त्या पाच-सात जणांचं त्या वेळचं मत, बस. २०२० च्या व्हेनिसचंच घ्या. मुख्य ज्युरीला ‘द डिसायपल’ची पटकथा आवडली, पण सर्वोच्च पुरस्कार त्यांनी ‘नोमॅडलँड’ला दिला. तिथंच समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे फिप्रेसीची, वेगळी ज्युरी होती. तिनं स्पर्धेतून ‘द डिसायपल’चीच निवड केली. फिल्म त्याच, पंच वेगळे, निकाल वेगळा.

ज्युरीवर दबावही येतो. आपला सरकारी महोत्सव म्हणजे इफ्फी. १९५२ साली मुंबईत सुरू झाला, २००४ पासून दर नोव्हेंबरात गोव्यात भरतो. सर्वोच्च पुरस्कार सुवर्ण मयूर आणि ४० लाख रुपये. २०१७ साली या महोत्सवाच्या भारतीय पॅनोरमा विभागासाठी ज्युरीनं रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ आणि मल्याळम ‘एस दुर्गा’ निवडले होते. माहिती-प्रसारण मंत्रालयानं हे दोन्ही सिनेमे यादीतून काढले. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ आणखी काही सदस्यांनीही दिला. खऱ्या ज्युरीची हीच खूण आहे. तिला चेहरा असतो, मत असतं आणि वेळ आली तर खुर्ची सोडण्याची तयारीही असते. बिनचेहऱ्याच्या वेबसाईटवर राजीनामा देणार कोण?

आपल्याच जिल्ह्यातून

नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, पण कम्युनिकेशन स्टडीजचं शिक्षण घेतलं आपल्या नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. ‘पिस्तुल्या’ या त्यांच्या शॉर्टफिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढं ‘फँड्री’ आला आणि २०१६ साली ‘सैराट’ बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदा तालुक्यातले. मेंढपाळ धनगर कुटुंबावरचा ‘ख्वाडा’ त्यांनी जमीन विकून केला. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कोर्ट’ देशातला सर्वोत्कृष्ट सिनेमा ठरला, त्याच यादीत ‘ख्वाडा’ची विशेष दखल घेतली गेली.

थांबा, जमीन विकायला कुणी सांगत नाहीये! मुद्दा एवढाच, की या दोघांचं नाव पोस्टरवरच्या कमानींनी झालं नाही. आपल्या ओळखीच्या माणसांच्या गोष्टी त्यांनी जीव ओतून सांगितल्या, आणि त्या लोकांनी पडद्यावर पाहिल्या.

मग आपण काय करायचं?

आधी बघायला जा. नेवासा फाट्यावर उभं राहिलं, की एका बाजूची एसटी छत्रपती संभाजीनगरला जाते, दुसऱ्या बाजूची नगरमार्गे पुण्याला. संभाजीनगर अवघं साठेक किलोमीटर. तिथं हिवाळ्यात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. भारतीय सिनेमांच्या स्पर्धेतला त्यांचा पुरस्कार म्हणजे ‘सुवर्ण कैलास’. पुण्याचा ‘पिफ’ २००२ पासून चालू आहे. डॉ. जब्बार पटेल त्याचे संचालक आणि तिथला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार ‘संत तुकारामा’च्या नावानं दिला जातो. हे दोन्ही साधारण जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास असतात. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळं जाहीर झाल्या की लगेच नोंदणी करा. विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का, तेही विचारा.

चौघं-पाचजण मिळून गेलात तर एखाद्या मित्राच्या रूमवर मुक्काम होतो, जेवण वडापाववर भागतं. दिवसाला चार सिनेमे बघा. एक इराणचा, एक पोलंडचा, एक मल्याळम, एक मराठी. सुरुवातीला डोकं गरगरेल. पण दुसऱ्या दिवशी लक्षात येईल, की कुठल्या तरी लांबच्या गावातला शेतकरी बापसुद्धा पोराशी आपल्या बापासारखाच कमी बोलतो. सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक समोर असेल तर हात वर करा. मराठीत विचारलं तरी चालतं, कुणीतरी भाषांतर करतंच.

आणि फिल्म पाठवायचीच असेल तर जागा आहेत. मुंबईत १९९० पासून चालणारा ‘मिफ’ हा खास माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव. दर दोन वर्षांनी होतो, तिथं विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठीही पुरस्कार आहे. इफ्फीनं २०२१ पासून ३५ वर्षांखालच्या तरुणांसाठी वेगळा उपक्रम सुरू केलाय. निवड झालेल्यांनी गोव्यात ४८ तासांत शॉर्टफिल्म करायची असते.

इथं नकार येईल. दोनदा येईल, पाचदा येईल. तो पचवा. विकत घेतलेल्या दहा ट्रॉफींपेक्षा खऱ्या महोत्सवाचा एक नकार तुमच्या पुढच्या फिल्मला जास्त उपयोगी पडेल. आणि तोवर आपल्याच कॉलेजच्या हॉलमध्ये एक पांढरी चादर बांधा, शंभर पोरं-पोरी बसवा आणि फिल्म दाखवा. कुठं हसतात, कुठं मोबाईल काढतात, ते मागं उभं राहून बघा.

फी भरण्याआधी विचारा

• फिल्म खरोखर दाखवली जाते का? थिएटर, तारीख, वेळ जाहीर आहे का?

• ज्युरीत कोण आहेत? त्यांचं स्वतःचं काम शोधून सापडतं का?

• महोत्सव वर्षातून एकदा होतो, की दर महिन्याला?

• गेल्या वर्षीच्या महोत्सवाचे फोटो, बातम्या, प्रेक्षक कुठं दिसतात का?

• पुरस्कार मिळाल्यावर ट्रॉफीचे वेगळे पैसे मागतात का? मागत असतील तर ते दुकान आहे. पुढं चला.