मायक्रोबायॉलॉजी म्हणजे पॅथॉलॉजी लॅब नव्हे

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच कानावर पडतं: ‘नीटमध्ये गुण कमी पडले, आता मायक्रो घेऊ, पुढे स्वतःची पॅथॉलॉजी लॅब तरी टाकता येईल.’ किती वेळा सांगायचं, की हा हिशेबच चुकीचा आहे!

पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही कोणाची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलं. पुढे केंद्राच्या नियमांत एमएस्सी-पीएचडीवाल्यांना थोडी मुभा मिळाली. पण रोग्याच्या निदानावर मत देण्याची नाही. एमडी मायक्रोबायॉलॉजी होते ती एमबीबीएसनंतर. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी ही विज्ञान शाखेची पदवी, तिची वाट वेगळी. रक्त-लघवीच्या तपासण्याच करायच्या असतील, तर सरळ डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करावी.

मग मायक्रोवाले करतात काय? इंजेक्शनच्या कारखान्यात जाऊन बघा. निर्जंतुकतेच्या चाचणीचे नमुने 14 दिवस इन्क्युबेटरमध्ये राहतात. एवढ्यावर भागत नाही. जिवाणू मेले तरी काहींच्या पेशीभित्तिकेतलं एंडोटॉक्सिन उरतं आणि रोग्याला थंडी वाजून ताप भरतो, म्हणून त्याची चाचणी वेगळी. इंजेक्शनं भरतात त्या खोलीतल्या हवेत जिवाणू वाढवण्याच्या माध्यमाच्या उघड्या प्लेट ठेवायच्या, पाण्याचे नमुने घ्यायचे, वाढलेली प्रत्येक कॉलनी मोजून नोंदवायची. हे काम नीट झालं नाही, तर बॅच बाहेर पडता कामा नये.

आणि सहीचाच मान हवा असेल, तर तोही आहे. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी, अन्न तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परीक्षा, एवढ्या पात्रतेवर फूड अ‍ॅनालिस्ट होता येतं. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या खटल्यात त्याच्या अहवालाला वजन असतं. पालकांना हे कोणी सांगतच नाही.

पुण्यातच पाहा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह 1951 पासून आहे, राष्ट्रीय विषाणू संस्था 1952 पासून, सीरम इन्स्टिट्यूट 1966 पासून. या संस्थांचं कामच सूक्ष्मजीवांशी आहे.

आणखीही काही गैरसमज आहेत. ‘पुणे विद्यापीठात बीएस्सी मायक्रो करणार,’ असं म्हणणारी बहुतेक मुलं प्रत्यक्षात संलग्न महाविद्यालयात शिकतात. विद्यापीठाच्या आवारातला विभाग एमएस्सी आणि पीएचडीचा. ‘जंतू हाताळले की आजार होतो’? पदवीच्या प्रात्यक्षिकांत सहसा निरुपद्रवी जिवाणू वापरतात, आणि प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या असतात. ‘गणितापासून सुटका’? संख्याशास्त्र येतंच, जीनोमचं काम करायचं तर प्रोग्रॅमिंगही. ‘बीएस्सी झाली की संशोधक’? पहिली नोकरी बहुधा क्वालिटी कंट्रोलमध्ये, शिफ्टची आणि बेताच्या पगाराची असते. स्वतंत्र संशोधनासाठी पीएचडी लागते. त्यासाठी नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा प्रयोगशाळा पाहा. तिथल्या मुलांना विचारा: प्लेट तुम्ही स्वतः ओतता, की ओतलेली मिळते? स्ट्रीकिंग, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून जिवाणू पसरवणं, प्रत्येकाला करायला मिळतं, की गटातला एक जण करतो आणि बाकीचे वहीत उतरवतात?