जुने घर, मोजका पैसा

ईद जवळ आली किंवा घरात निकाह ठरला, की आपली नजर आधी भिंतींवर जाते. कुठे पोपडे सुटलेले, कुठे कोपऱ्यात काळे डाग. पाहुणे काय म्हणतील, या काळजीने रंगाचे डबे घरात येतात. पुढचा पावसाळा सरतो आणि भिंत पुन्हा होती तशीच दिसू लागते. पैसा मात्र गेलेला असतो.

मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे माझ्या मामूंचे घर आहे. काळ्या दगडाचे जोते, मातीच्या भिंती आणि वर मंगलोरी कौले. मोठ्या मुलीच्या निकाहाआधी त्यांनी भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक रंग दिला. घर नव्यासारखे दिसले, पण एकच पावसाळा. रंगाला फुगे आले, गिलाव्याचे तुकडे पडले, बैठकीतल्या आयतीच्या फ्रेमला आतून बुरशी लागली. धाकटीचा निकाह ठरला तेव्हा मुलाने हट्ट धरला, "अब्बा, हे पाडूनच टाकू. कर्ज काढू आणि स्लॅबचे घर बांधू." मामूंना व्याजाचे कर्ज नको होते. भाताचे आलेले पैसे आणि मामींनी बाजूला ठेवलेली थोडी रक्कम, एवढेच हाताशी होते. तेवढ्यात घर कसे उजळले, ते सांगते. अशी घरे आपल्यापैकी अनेकांची आहेत.

आधी पाणी, मग रंग

मुळशीचा पाऊस साधा नव्हे. याच तालुक्यातल्या ताम्हिणीला जुलै २०२४ मध्ये एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा ठिकाणी घराचे रूप बिघडवते ते पाणी. म्हणून पहिला खर्च छपरावर करावा.

एप्रिल-मे महिन्यांत कौले उतरवून, फुटकी काढून पुन्हा नीट बसवून घ्यावीत. सडलेल्या रिपा आणि वाळवी लागलेले वासे तेवढेच बदलावेत. हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावे, कारण कौलांवर पाय घसरला तर जिवावर बेततो. त्याच वेळी अंधाऱ्या माजघरावर दोन-तीन काचेची कौले बसवावीत. खर्च थोडा, पण दिवसा दिवा लावावा लागत नाही आणि खोली मोठी वाटते. मामूंच्या घरात सर्वात मोठा बदल याच कौलांनी झाला.

नंतर जोत्याकडे पाहावे. अंगणात भर पडत गेली की जमीन भिंतीपर्यंत चढते आणि ओल आत शिरते. ती माती खरवडून पाणी घरापासून दूर जाईल असा उतार द्यावा. पन्हळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडू देऊ नये. मामूंकडे वुजूचा नळ पडवीच्या भिंतीलगतच होता. दिवसातून पाच वेळा, घरातल्या सगळ्यांचे पाणी तिथेच मुरायचे. नळ अंगणाच्या कडेला नेला. आता ते पाणी केळीला जाते आणि पडवीची भिंत कोरडी राहते.

मातीच्या भिंतीला चुनाच

मातीची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. वर सिमेंट आणि प्लास्टिक रंग बसला, की ओल आत कोंडते आणि थर सुटतो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो आणि क्षारयुक्त असल्याने बुरशीला सहजी थारा देत नाही. शिवाय तो स्वस्त आहे.

आधी सुटलेला गिलावा आणि प्लास्टिक रंग खरवडून काढावा, कारण त्यावर चुना धरत नाही. भिंतीतले खड्डे माती आणि चुन्याने भरून वाळू द्यावेत. १ किलो चुन्याला सुमारे ५ लिटर पाणी घेऊन २४ तास भिजत ठेवावे, मग जाड कापडातून गाळावे. गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घातला, की हाताला पांढरे लागणे कमी होते. नीळ अगदी चिमूटभर, किलोला ३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. भिंत पाण्याने ओलसर करून पातळ हात द्यावेत, एक वाळला की दुसरा. ओला असताना चुना फिकट दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो. घाबरून जाड थर देऊ नये. रंग हवा असेल तर त्यातच गेरू किंवा पिवडी मिसळावी.

एक सावधगिरी पाळावी. चुन्याची कळी भिजवताना ती उकळते आणि उडते. कळी पाण्यात टाकावी, कळीवर पाणी ओतू नये. लोखंडी पिंप वापरावे, डोळ्यांना चष्मा लावावा आणि मुलांना दूर ठेवावे.

जुने ते झाकू नका

मामूंच्या सागवानी दारावर ऑइल पेंटचे किती थर होते कुणास ठाऊक. ते घासून काढले आणि जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, तर दार बोलू लागले. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवाव्यात. तुटलेल्या कड्या-कोयंड्यांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारावी. शहाबादी फरशी उखडण्याऐवजी घासून तिच्या सांध्यांत पुन्हा माल भरावा. कोनाड्यांतला पसारा काढून तिथे किताबे आणि भांडी मांडावीत.

ही गरिबीची तडजोड मानू नये. केरळमध्ये घरे बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) पाडलेल्या घरांची दारे-खिडक्या आणि फुटक्या फरश्यांचे तुकडे हौसेने वापरत. त्यांची घरे पाहायला आजही लोक जातात.

भिंत बाहेर फुगली असेल, तुळई वाकली असेल किंवा भेग वाढत असेल, तर मात्र रंगाचा विचार सोडून जाणकार गवंड्याला किंवा इंजिनिअरला दाखवावे. तिथे काटकसर नको.

धाकटीचा निकाह त्याच पडवीत झाला. पश्चिमेच्या भिंतीला झड लागून अजून थोडी ओल येते. यंदा तिथे पावसाळ्यापुरता पत्र्याचा आडोसा करायचा आहे. पाडायची भाषा करणारा मुलगाच आता दर मे महिन्यात चुना भिजवतो. मामी म्हणतात, "घर तेच आहे, फक्त कुणाचे देणे नाही."