आलेखाच्या आडव्या अक्षावरचा घोळ

विक्री, रुग्णसंख्या किंवा पर्जन्यमान यांचे आकडे आज ठिकठिकाणी डॅशबोर्डवर, म्हणजे अनेक आलेख आणि तक्ते एकत्र मांडणाऱ्या संगणकीय फलकावर पाहिले जातात, आणि त्या आलेखांपैकी बहुतेकांचा आडवा अक्ष काळाचा असतो. उभ्या अक्षावरचा आकडा अवाच्या सवा चुकला तर तो जाणत्या माणसाच्या नजरेत भरतो; आडव्या अक्षावरची तारीख चुकली तरी रेषा मात्र पूर्वीइतकीच सुबक दिसते, आणि म्हणूनच ही चूक अधिक घातक असते.

संगणकाच्या लेखी तारीख ही बहुधा एक संख्या असते. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून पुढचे दिवस मोजले जातात (लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीशी मेळ राहावा म्हणून १९०० हे वर्ष लीप नसतानाही तेथे लीप मानले गेले आणि ती चूक आजही जाणूनबुजून जपली जाते). युनिक्स परंपरेतील प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, तर ब्राउझरमध्ये आलेख रेखाटणारी जावास्क्रिप्ट ही भाषा त्याच क्षणापासूनचे मिलिसेकंद मोजते. सेकंदांची संख्या मिलिसेकंद समजून वाचली गेली, की चालू वर्षाचे सारे व्यवहार जानेवारी १९७० मध्ये जाऊन पडतात. ही चूक हास्यास्पद आहे, म्हणूनच फारशी उपद्रवी नाही. ती लगेच कळते.

खरी फसगत होते ती मजकूर म्हणून आलेल्या तारखांमुळे. ०३/०४/२०२४ ही भारतात ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च होय. भारतीय पद्धतीची फाइल अमेरिकी मांडणी गृहीत धरणाऱ्या संगणकात उघडली, तर प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांत दिवस आणि महिना यांची निमूटपणे अदलाबदल होते, आणि तेरावा महिना अस्तित्वात नसल्यामुळे पुढच्या तारखा तारीख म्हणून ओळखल्याच न जाता मजकूर म्हणून उरतात. १/१, २/२ अशा जोड्या वगळल्या तर वर्षात १३२ तारखा अशा द्व्यर्थी निघतात. पूर्ण नाकारली गेलेली फाइल कोणीतरी दुरुस्त करतो. अर्धी स्वीकारलेली फाइल थेट आलेखावर पोहोचते.

मजकूर म्हणून उरलेली महिन्यांची नावे कालक्रमाने न लागता अकारविल्हे लागतात, त्यामुळे एप्रिलनंतर ऑक्टोबर, मग ऑगस्ट आणि त्यामागून जानेवारी येतो. उलट दिशेची चूकही तितकीच प्रसिद्ध आहे: एक्सेल काही जनुकांच्या संक्षिप्त नावांना तारखा समजत असे, म्हणून मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने ती नावेच बदलली आणि ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ झाल्याचे २०२० मध्ये सर्वत्र गाजले. शास्त्राने उपकरणापुढे अशी माघार घ्यावी, हे काही भूषणावह नव्हे.

भारतापुरता सर्वांत महाग पडणारा घोळ प्रमाणवेळेचा आहे. माहिती बहुधा यूटीसी या जागतिक समन्वित वेळेनुसार साठवली जाते आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. त्यामुळे रूपांतर न करता आलेख काढला, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार आदल्या दिवसात मोजले जातात, महिन्याच्या पहिल्या तारखेला ते मागच्या महिन्यात जातात आणि १ एप्रिलला तर मागच्या आर्थिक वर्षात. त्यातच अनेक प्रणाली पहिली तिमाही जानेवारीपासून धरतात, तर येथील हिशेब एप्रिलपासून चालतो. तेव्हा ‘पहिली तिमाही’ एवढाच शब्द छापलेल्या आलेखाचा अर्थ वाचकागणिक बदलतो.

उपाय नवा नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेले आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक वर्ष, महिना, दिवस असा क्रम सांगते, आणि २०२४-०४-०३ अशी लिहिलेली तारीख मजकूर म्हणून लावली तरी कालक्रम मोडत नाही. साठवण त्याच स्वरूपात ठेवून वाचकाच्या सवयीची मांडणी केवळ पडद्यावर दाखवताना करावी, आणि ज्या आलेखाखाली प्रमाणवेळ व वर्षारंभ नोंदवलेला नाही, त्याच्या आधारे महिन्याअखेरचे कोणतेही आकडे मान्य करू नयेत.