फ्रीडरिश पाउलुस

फ्रीडरिश विल्हेल्म अर्न्स्ट पाउलुस (२३ सप्टेंबर, १८९० – १ फेब्रुवारी, १९५७) हा दुसऱ्या महायुद्धातील एक जर्मन सेनापती होता. स्टालिनग्राडच्या लढाईत जर्मनीच्या सहाव्या सैन्याचे नेतृत्व त्याच्याकडे होते. ३० जानेवारी १९४३ रोजी त्याला फील्ड मार्शल हा हुद्दा देण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी तो सोव्हिएत सैन्याच्या हाती लागला. शत्रूच्या कैदेत गेलेला तो पहिला जर्मन फील्ड मार्शल होय. सेनाधिकाऱ्याने वरिष्ठांची आज्ञा कोठवर पाळावी, या प्रश्नाच्या चर्चेत त्याचे उदाहरण वारंवार दिले जाते.

त्याचे नाव अनेक ठिकाणी ‘फॉन पाउलुस’ असे छापलेले आढळते. ते चुकीचे आहे. ‘फॉन’ हे उपपद जर्मनीतील सरदार घराण्यांच्या नावात येते. पाउलुसचे घराणे सरदारांचे नव्हते.

सुरुवातीचे जीवन

पाउलुसचा जन्म जर्मनीतील हेसेन प्रांतात ब्राइटेनाउ या गावी झाला. त्याचे वडील सरकारी नोकरीत हिशेबनीस होते. नौदलात अधिकारी होण्याची त्याची इच्छा होती. परंतु त्या काळच्या जर्मन नौदलात कुलीन घराण्यातील तरुणांना प्राधान्य मिळत असे व पाउलुसला तेथे प्रवेश मिळाला नाही. काही काळ त्याने मारबुर्ग विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेतले. ते अर्धवट सोडून १९१० साली तो १११ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये उमेदवार अधिकारी म्हणून दाखल झाला.

१९१२ साली त्याचा विवाह एलेना रोझेत्ती-सोलेस्कू हिच्याशी झाला. ती रोमानियातील एका सरदार घराण्यातील होती. या दांपत्याला एक मुलगी आणि जुळे मुलगे झाले. पहिल्या महायुद्धात पाउलुसने फ्रान्स व बाल्कन या आघाड्यांवर काम केले. युद्ध संपले तेव्हा तो कॅप्टन होता.

दोन महायुद्धांमधील काळ

व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे सैन्य १ लाखापर्यंत मर्यादित केले. त्यात फक्त ४,००० अधिकाऱ्यांना जागा होती. पाउलुस त्यांपैकी एक होता. नीटनेटकेपणा, चिकाटी आणि नकाशे व आकडेवारी यांवरील प्रभुत्व यांमुळे त्याची नेमणूक बहुधा नियोजनाच्या कामावर होत असे. १९३४–३५ मध्ये त्याने एका यांत्रिक बटालियनचे नेतृत्व केले. यानंतर थेट १९४२ पर्यंत त्याने कोणत्याही लढाऊ दलाचे नेतृत्व केले नाही. रणगाड्यांच्या युद्धतंत्राचा पुरस्कर्ता हाइन्झ गुडेरियान याच्या हाताखाली तो १९३८ साली सोळाव्या कोअरचा मुख्य नियोजन अधिकारी झाला.

१९३९ साली पोलंडवरील आक्रमणाच्या वेळी तो जनरल वाल्टर फॉन राइशेनाउ याच्या दहाव्या सैन्यात त्याच पदावर होता. पुढे याच सैन्याला सहावे सैन्य असे नाव देण्यात आले व १९४० च्या बेल्जियम आणि फ्रान्सच्या मोहिमेत ते लढले. राइशेनाउ धाडसी, उतावळा आणि कागदी कामाचा कंटाळा असलेला होता. पाउलुस त्याच्या नेमका उलट. या दोघांचा जोड उत्तम जमला.

बार्बारोसा मोहिमेची आखणी

सप्टेंबर १९४० मध्ये पाउलुसची नेमणूक भूसेनेच्या मुख्यालयात उपप्रमुख म्हणून झाली. सोव्हिएत संघावरील आक्रमणाच्या योजनांचा मेळ घालण्याचे काम त्याच्याकडे आले. या मोहिमेचे सांकेतिक नाव ‘बार्बारोसा’ होते. १९४० च्या अखेरीस त्याच्या देखरेखीखाली नकाशांवर युद्धाभ्यास घेण्यात आले. प्रचंड अंतरे, अपुरे मनुष्यबळ आणि लांबत जाणारे रसदमार्ग या अडचणी त्यांतून समोर आल्या. तथापि त्यांमुळे मोहीम थांबली नाही आणि पाउलुसनेही तिला विरोध केला नाही.

एलेनाला हे आक्रमण अन्यायाचे वाटत होते. तिने पतीजवळ तसे बोलूनही दाखवले. असे निर्णय राजकीय असतात, त्यात सैनिकाचे मत विचारले जात नाही, असे पाउलुसचे उत्तर असल्याचे त्याच्या चरित्रांत नमूद आहे.

सहाव्या सैन्याचे नेतृत्व

जानेवारी १९४२ मध्ये पाउलुसला सहाव्या सैन्याचे सेनापतिपद मिळाले. डिव्हिजन किंवा कोअर यांच्या नेतृत्वाचा कोणताही अनुभव नसताना तो २ लाखांहून अधिक सैनिकांचा प्रमुख झाला. त्याच महिन्यात राइशेनाउ मरण पावला.

या सैन्याचा पूर्वेतिहास रक्तरंजित होता. सप्टेंबर १९४१ मध्ये कीव्हजवळील बाबी यार येथे दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंची हत्या झाली, तेव्हा तो प्रदेश सहाव्या सैन्याच्या ताब्यात होता. राइशेनाउने १० ऑक्टोबर १९४१ रोजी काढलेल्या हुकमात अशा हत्यांचे उघड समर्थन केले होते. पाउलुसने सूत्रे हाती घेतल्यावर हा हुकूम मागे घेतला. असे असले तरी सैन्याच्या ताब्यातील खारकिव्हसारख्या शहरांत नागरिकांची उपासमार चालूच राहिली.

मे १९४२ मध्ये सोव्हिएत सैन्याने खारकिव्हवर हल्ला केला. तो उधळून लावण्यात सहाव्या सैन्याचा मोठा वाटा होता. या यशाबद्दल पाउलुसला नाइट्स क्रॉस हे पदक मिळाले. त्यानंतर उन्हाळी मोहिमेत त्याचे सैन्य डॉन नदी ओलांडून व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडकडे निघाले.

स्टालिनग्राडचा वेढा

२३ ऑगस्ट १९४२ रोजी जर्मन विमानांनी स्टालिनग्राडवर भीषण बाँबवर्षाव केला व रणगाडे शहराच्या उत्तरेस व्होल्गापर्यंत पोहोचले. पुढील तीन महिने घराघरांतून, कारखान्यांतून आणि मामायेव टेकडीवर लढाई चालली. जनरल वसिली चुइकोव्हच्या ६२ व्या सैन्याने नदीकाठचा चिंचोळा पट्टा सोडला नाही. सहाव्या सैन्याची बहुतेक ताकद शहरात अडकली आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे रक्षण प्रामुख्याने रोमानियन सैन्यांवर राहिले. त्यांच्याजवळ रणगाडाविरोधी तोफा फारच थोड्या होत्या.

१९ नोव्हेंबर १९४२ रोजी सोव्हिएत सैन्याने ‘युरेनस’ ही मोहीम सुरू केली. उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेल्या दोन फळ्या २३ नोव्हेंबरला कालाच गावाजवळ मिळाल्या. सुमारे २.५ ते ३ लाख सैनिक वेढ्यात सापडले. पाउलुसने बाहेर पडण्याची परवानगी मागितली. हिटलरने ती नाकारली व विमानांनी रसद पुरवण्याचे ठरवले. हवाई दलाचा प्रमुख हेर्मान ग्योरिंग याने तसे आश्वासन दिले होते. कोअर सेनापती वाल्टर फॉन झाइडलिट्झ याने हुकमाची वाट न पाहता वेढा फोडावा असा आग्रह धरला. परंतु पाउलुसने तो मानला नाही.

सैन्याला दररोज सुमारे ५०० टन सामग्री हवी होती. प्रत्यक्षात सरासरीने त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपासच पोहोचत असे. सैनिकांनी घोडे मारून खाल्ले. थंडी, उपासमार आणि टायफस यांनी गोळीइतकेच बळी घेतले.

१२ डिसेंबर रोजी जनरल हेर्मान होथच्या रणगाड्यांनी दक्षिणेकडून वेढा फोडण्याचा प्रयत्न केला. ते सुमारे ५० किलोमीटर अंतरापर्यंत आले. आतील रणगाड्यांजवळ जेमतेम ३० किलोमीटर पुरेल इतकेच इंधन होते. फील्ड मार्शल एरिश फॉन मानश्टाइनने स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर पडण्याचा स्पष्ट हुकूम दिला नाही, हिटलरने परवानगी दिली नाही आणि पाउलुसने परवानगीवाचून पाऊल उचलले नाही. नाताळापूर्वीच होथला माघार घ्यावी लागली.

शरणागती

८ जानेवारी १९४३ रोजी सोव्हिएत सेनापतींनी शरण येण्याच्या अटी पाठवल्या. पाउलुसने त्या फेटाळल्या. १० जानेवारीला अखेरचा हल्ला सुरू झाला. पितोम्निक आणि गुम्राक हे विमानतळ हातचे गेल्यावर जखमींना बाहेर काढण्याचा मार्गही बंद झाला. आता पाउलुसने शरण जाण्याची परवानगी मागितली. हिटलरने तीही नाकारली.

३० जानेवारी हा हिटलरच्या सत्ताग्रहणाचा दहावा वर्धापनदिन होता. त्या दिवशी पाउलुसला फील्ड मार्शल करण्यात आले. तोवर एकही जर्मन फील्ड मार्शल जिवंतपणी शत्रूच्या हाती सापडला नव्हता; त्यामुळे या बढतीचा अर्थ आत्महत्येची सूचना असाच लावला जातो. पाउलुसने ती मानली नाही. ३१ जानेवारीला सकाळी ‘युनिव्हरमाग’ या मोठ्या दुकानाच्या तळघरात त्याला कैद करण्यात आले. वाटाघाटी त्याच्या हाताखालील अधिकाऱ्यांनी केल्या. शहराच्या उत्तर भागात लढत असलेल्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम देण्यास त्याने नकार दिला. ते २ फेब्रुवारीपर्यंत लढत राहिले.

सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले. त्यांतील बहुसंख्य पहिल्या काही महिन्यांतच रोगराई आणि उपासमारीने मरण पावले. केवळ ५,००० ते ६,००० जण मायदेशी परतले. शेवटचे कैदी १९५५–५६ मध्ये सुटले.

युद्धकैद आणि न्युरेंबर्गची साक्ष

फील्ड मार्शल म्हणून पाउलुसला कैदेत बरी वागणूक मिळाली. १९४३ मध्ये जर्मन युद्धकैद्यांनी सोव्हिएत प्रेरणेने हिटलरविरोधी संघटना स्थापन केल्या. झाइडलिट्झ त्यांचा एक पुढारी होता. पाउलुस सुरुवातीला त्यांपासून दूर राहिला. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या हत्येचा कट फसला व फील्ड मार्शल एर्विन फॉन विट्झलेबेन याच्यासह अनेक अधिकाऱ्यांना फाशी देण्यात आली. विट्झलेबेनला फाशी झाली त्याच दिवशी, ८ ऑगस्ट १९४४ रोजी, पाउलुसने हिटलरविरुद्ध जाहीर आवाहन केले. याची शिक्षा त्याच्या कुटुंबाला भोगावी लागली. एलेनाला अटक झाली. जुळ्या मुलांपैकी फ्रीडरिश त्याआधीच, फेब्रुवारी १९४४ मध्ये, इटलीतील आन्झिओच्या लढाईत मारला गेला होता.

११ फेब्रुवारी १९४६ रोजी न्युरेंबर्ग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाउलुस सोव्हिएत पक्षाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. सोव्हिएत संघावरील हल्ला हे पूर्वनियोजित आक्रमण होते, असे त्याने सांगितले. काइटेल, योडल आणि ग्योरिंग यांना त्याने जबाबदार धरले. योजना आखण्यातील त्याच्या स्वतःच्या सहभागावरून आरोपींच्या वकिलांनी त्याला प्रश्न विचारले. त्याच्यावर मात्र कधीच खटला चालला नाही.

अखेरची वर्षे

एलेना १९४९ मध्ये बाडेन-बाडेन येथे मरण पावली. १९४२ नंतर पतिपत्नींची भेट झाली नाही. १९५३ साली सुटका झाल्यावर पाउलुस पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथे राहू लागला. तेथे युद्धेतिहासाच्या संशोधनाचे काम त्याच्याकडे होते. स्नायूंची शक्ती हळूहळू नष्ट करणाऱ्या मज्जाविकाराने १ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याचे निधन झाले. स्टालिनग्राडच्या लढाईच्या समाप्तीला दुसऱ्या दिवशी १४ वर्षे पूर्ण होत होती. बाडेन-बाडेन येथे पत्नीशेजारी त्याचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

पाउलुसच्या बाजूने असे म्हटले जाते की डिसेंबरात त्याच्याजवळ इंधन आणि चालण्याचे त्राण असलेले सैनिक दोन्ही पुरेसे नव्हते. शिवाय त्याच्या सैन्याने मोठ्या सोव्हिएत फौजा अडकवून ठेवल्या व तेवढ्या काळात कॉकेशसमधील जर्मन सैन्याला माघार घेता आली. विरोधकांच्या मते नोव्हेंबरच्या अखेरीस बाहेर पडणे शक्य होते, आणि जानेवारीत निरर्थक लढाई लांबवल्यामुळे हजारो जीव गेले. मानश्टाइनने युद्धानंतरच्या आठवणींत दोषाचा भार हिटलर व पाउलुस यांच्यावर टाकला, परंतु स्वतःच्या टाळाटाळीविषयी फारसे लिहिले नाही.

अलीकडचे अभ्यासक हा प्रश्न वेढ्यापुरता मर्यादित ठेवत नाहीत. सोव्हिएत भूमीवरील मोहिमेत रसद अपुरी पडेल हे पाउलुसने १९४० मध्येच नकाशावर पाहिले होते. दोन वर्षांनी त्याच कारणाने त्याचे सैन्य नष्ट झाले. आज्ञा मोडण्याचा निर्णय त्याने अखेर घेतला, तोपर्यंत त्याच्या हाती वाचवण्यासारखे फार थोडे उरले होते.